मार्खा खोरं तीन दिवसांत: प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी: मार्ग

लडाखमधल्या मार्खा खोऱ्याच्या वाटेला ट्रेकवाले साधारण सहा ते आठ दिवस लावतात. आम्ही ती धावत-चालत तीन दिवसांत करायची ठरवली आहे. चौघे जण, सामान स्वतःच्या पाठीवर, मुक्काम गावातल्या घरांत. घोडे नाहीत, तंबू नाहीत.

पहिला टप्पा झिंगचेन, युरुत्से, गंडा ला, शिंगो, स्क्यू. दुसरा स्क्यू, मार्खा, हांकर. तिसरा हांकर, निमालिंग, कोंगमारू ला, चोगदो, शांग सुमदो. प्रत्येक टप्पा २५ ते ३० किलोमीटरचा. ‘ला’ म्हणजे खिंड. पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी एकेक खिंड, मधला दिवस नदीकाठाने.

बहुतेक जण निमालिंगला राहतात. ती जागा ४,७०० मीटरच्या वर आहे आणि डोकेदुखीने रात्र काढणारे तिथे नेहमी दिसतात. आमच्या आखणीत तिथे झोपायचंच नाही. पहिली रात्र स्क्यूला सुमारे ३,४०० मीटरवर, दुसरी हांकरला सुमारे ४,००० वर, तिसऱ्या दिवशी खिंड ओलांडून थेट ३,७०० पर्यंत खाली. दिवसा वर जा, रात्री खाली झोपा, हे पथ्य लांब पल्ला मारणाऱ्याला पाळता येतं. तीन दिवसांचा हट्ट वेगासाठी नाही, या पथ्यासाठी आहे.

उंचीचे आकडे नकाशागणिक बदलतात. कोंगमारू ला कुठे ५,१०० च्या जरा खाली दाखवतात, तर कुठे ५,२०० च्या वर. म्हणून घड्याळातला वायुदाबावर चालणारा उंचीमापक लेहच्या विमानतळाच्या ३,२५६ मीटरला जुळवून घ्यायचा आणि पुढे तेवढ्यावरच विसंबायचं.

१ फेब्रुवारी: सिंहगड, मोजणी

आतकरवाडीच्या वाटेने चार फेऱ्या. एका फेरीत सुमारे पावणेतीन किलोमीटर आणि ६०० मीटरच्या आसपास चढ. पहिली चढाई ४६ मिनिटं, चौथी ५८.

किलोमीटरला किती मिनिटं, हा रस्त्यावरचा हिशेब डोंगरात काही सांगत नाही. ताशी किती मीटर उंची चढली ते लिहायचं. पहिल्या फेरीत ७८०, चौथीत ६२०. महत्त्वाचा आकडा चौथीचा, कारण तिसऱ्या दिवशी तेच थकलेले पाय वर न्यायचे आहेत.

आता वजाबाकी. साधारण १,५०० मीटरच्या वर गेलं की दर हजार मीटरला शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे १० टक्क्यांनी घटते. ५,१०० मीटरवर एक तृतीयांशाहून जास्त गेलेली असते. त्यात पाठीवर पाच किलो. म्हणून ४,५०० च्या वर ताशी ३५० मीटर धरले.

वेळापत्रकासाठी विल्यम नेस्मिथचा १८९२ चा नियम वापरला: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास. पहिला टप्पा २८ किलोमीटर आणि १,५०० मीटर चढ धरून आठ तास निघतात. हा नियम चालणाऱ्यांचा आहे. एवढ्या उंचीवर धावणाऱ्यालाही तोच लागू पडेल हे मान्य करायला जड जातं, पण वेळापत्रक त्यावरच बांधलं.

१ मार्च: उतार

गंडा ला ते स्क्यू हा सुमारे १,५०० मीटर उतार आहे. चढात दम जातो, उतारात मांड्या जातात. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू जोर लावत असतानाच ताणला जातो, त्याने सूक्ष्म इजा होते, आणि २४ ते ७२ तासांत दुखणं सर्वांत जास्त असतं. म्हणजे पहिल्या दिवशीच्या उताराचं भाडं बरोबर तिसऱ्या दिवशी भरायचं.

इलाज एकच, आधी तेच दुखणं थोडं थोडं घेऊन ठेवायचं. एक मोठा उतार झाला की पुढचे काही आठवडे स्नायू तसल्या माराला सावरतो. दर दहा-बारा दिवसांनी सिंहगडावर तीन फेऱ्या, चढ आरामात, उतार धावत. निघण्याच्या दोन आठवडे आधी शेवटचा मोठा उतार. त्यानंतर नाही.

पावलं छोटी आणि झटपट, नजर तीन-चार मीटर पुढे, अंग मागे टाकायचं नाही. घसाऱ्यावर (सुट्या खड्यांच्या उतारावर) घाबरून मागे कललं की वजन टाचेवर येतं आणि टाच निसटते. बुटाच्या सर्वांत वरच्या जादा भोकातून नाडीचा छोटा फासा करून दुसरं टोक त्यातून ओवायचं, म्हणजे टाच जागेवर बसते आणि बोटं पुढे आपटत नाहीत. नखं दोन दिवस आधी कापायची. आदल्या रात्री कापली की कडा बोचते.

२९ मार्च: राजगड ते तोरणा, खाण्याची चाचणी

संजीवनी माचीच्या आळू दरवाजातून उतरून धारेने बुधला माची. पहाटे सुरुवात, कारण दहानंतर धारेवर सावली नाही. माणशी तीन लिटर पाणी. वाटेत पाणी मिळेल असं धरायचंच नाही.

लक्ष्य ताशी ६० ग्रॅम कर्बोदकं. खजूर, राजगिरा लाडू, गूळपोळीचे तुकडे, शेंगदाणा चिक्की, दोन जेल (पिळून गिळायची दाट, गोड पाकिटं) आणि जलसंजीवनी (ओआरएस).

खजूर उत्तम. गूळपोळी कोरडी होते पण पोटाला सोसते. चिक्की बाद. चव चांगली, पण चढावर तोंडाने श्वास चालू असतो, आणि चिक्की चावायला तोंड मिटावं लागतं. दोन घास चावेपर्यंत दम तुटतो, मग माणूस घास गालात धरून चालतो आणि पुढचं खाणं टाळतो. थंडीत ती दगडासारखी होईल हे वेगळंच. उंचीवर नेण्याच्या पदार्थाची परीक्षा एकच: नाकाने श्वास न घेता तो गिळता येतो का?

जलसंजीवनीबद्दल एक गैरसमज सगळीकडे आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची २०.५ ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते आणि तिच्यात ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम. ती क्षार भरून काढते, पोट भरत नाही. शिवाय पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत टाकली तर द्रावण दुप्पट तीव्र होतं आणि मळमळतं. चौघांपैकी एकाने तेच केलं आणि पुढचा दीड तास काही खाल्लं गेलं नाही. पुढच्या वेळेपासून पुड्या घरीच अर्ध्या करून छोट्या पिशव्यांत.

२६ एप्रिल: पाठीवरचं वजन

ग्रॅममध्ये: व्हेस्ट-सॅक (बंडीसारखी अंगाला बसणारी) ५००, वारा-पावसाचं जाकीट ३००, पिसांचं जाकीट ३२०, थर्मल वर-खाली ३५०, मोज्यांचे तीन जोड १५०, टोपी, बफ (गळ्या-तोंडावर ओढायचं नळीसारखं कापड) आणि दुहेरी हातमोजे २३०, पावसाची पँट २००, झोपायची अस्तर-पिशवी १५०, आणीबाणीची चकचकीत पिशवी ११०, हेडटॉर्च ८०, पॉवर बँक १९०, पाणी गाळायचं फिल्टर ६५, प्रथमोपचार आणि औषधं २५०, खाणं ७००. दीड लिटर पाण्यासकट ५.१ किलो. काठ्या हातात, म्हणून त्या यात नाहीत.

पावसाची पँट काढावी का यावर बराच खल झाला. लडाख कोरडं असलं तरी खिंडीवर वारा आणि गारा एकत्र येतात, आणि ओल्या मांड्या थंड पडल्या की चालणंही जमत नाही. ठेवली.

काठ्यांची उंची: कोपर काटकोनात राहील इतकी. उतारावर ५ सेंटिमीटर जास्त. हाताचा पट्टा नदी ओलांडताना मनगटातून काढायचा, नाहीतर पडल्यावर हात अडकतो.

संपर्क: मार्खा खोऱ्यात बहुतेक ठिकाणी फोन लागत नाही. बाहेरच्या राज्यांची प्रीपेड कार्डं लडाखमध्ये चालत नाहीत, म्हणून दोघांकडे पोस्टपेड. उपग्रह संदेशयंत्र नेण्याचा विचार रद्द केला. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसलं यंत्र बाळगणं भारतात गुन्हा आहे, आणि परदेशातून सहज मागवता येतं म्हणून लोक फसतात. त्याऐवजी लेहमधल्या एका माणसाकडे रोजच्या मुक्कामांची नावं, आणि ‘अमुक दिवशी संध्याकाळी सहापर्यंत फोन आला नाही तर शांग सुमदोच्या बाजूने शोध सुरू करा’ अशी लेखी सूचना.

२१ जून: पाऊस, बूट

ओल्या, शेवाळलेल्या कातळावर बुटाच्या खोल खुंट्या काही कामाच्या नाहीत, तिथे रबराचा मऊपणा लागतो. घसाऱ्यात उलट, तिथे खुंट्याच धरतात. लडाखला घसारा आणि धूळ, म्हणून ५ मिलिमीटरच्या खुंट्यांचा जोड निवडला, नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठा. त्यावर घोट्याचं कापडी आवरण, नाहीतर बारीक खडे दर दहा मिनिटांनी आत.

नदी ओलांडायचा सराव गुडघ्याखालच्या संथ पाण्यातच केला. सह्याद्रीतल्या फुगलेल्या ओढ्यात सराव कोणीही करू नये. तोंड प्रवाहाकडे, दोन काठ्या पुढे, एका वेळी एकच टेकू हलवायचा, बूट काढायचे नाहीत.

१२ जुलै: डॉक्टर

चौघांची तपासणी. उंचीच्या त्रासावर प्रतिबंधक म्हणून ॲसिटाझोलामाइड १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून, असा सल्ला मिळाला. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल त्याने डॉक्टरांना आधी सांगायचं. घरीच दोन दिवस घेऊन पाहिलं. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त जावं लागतं. हे आधी माहीत नसेल तर उंचीवर माणूस घाबरतो.

रोज संध्याकाळी भरायचा तक्ता ‘लेक लुईस’ गुणांचा. डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी, थकवा आणि चक्कर, प्रत्येकी ० ते ३ गुण. डोकेदुखी आहे आणि बेरीज ३ किंवा जास्त, तर तो उंचीचा विकार समजायचा आणि त्या रात्री आणखी वर जायचं नाही. सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालता येत नसेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर गुण मोजत बसायचं नाही, लगेच खाली उतरायचं. मग रात्र असो की पाऊस.

पुण्यात जे कमावता येतं ते इथवर झालं: मांड्या, पोट, सामान. उंचीची सवय इथे होत नाही. ती विकत मिळत नाही आणि घाईने येत नाही. तिला रात्री मोजून द्याव्या लागतात.

२६ ऑगस्ट: लेहमध्ये पोहोचलो

पुणे ५६० मीटर. विमानाने थेट लेह म्हणजे एका सकाळीत २,७०० मीटरची उडी. ती टाळून श्रीनगरपर्यंत विमान, पुढे रस्ता. पहिली रात्र श्रीनगरला, दुसरी कारगिलला २,६७६ मीटरवर, मग नमिका ला आणि ४,१०८ मीटरची फोतु ला ओलांडून लेह. मनालीचा रस्ता मुद्दाम घेतला नाही. तिथे दुसरी रात्र सरचूला ४,२०० च्या वर पडते आणि तिथून कुठल्याही बाजूला उतरायचं तर आधी खिंड चढावी लागते.

विश्रांतीची नाडी पुण्यात ५४, आज ६८. बोटावरच्या मापकात रक्तातला प्राणवायू ८५ ते ८८ टक्के. हा आकडा थंड बोटांवर खोटा पडतो. हात चोळून, एक मिनिट थांबून घ्यायचा आणि निर्णय लक्षणांवर घ्यायचा.

२७ ते ३१ ऑगस्ट: थांबणं

पहिले दोन दिवस गावात फिरणं, एवढंच. तिसऱ्या दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या, बोलता येईल इतक्या वेगाने. ३० तारखेला गाडीने खारदुंग ला. तिथल्या पाटीवर कित्येक वर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. मोजणीत ती खिंड सुमारे ५,३५९ मीटर भरते, म्हणजे ८०० फुटांनी कमी. आमच्या उंचीमापकाने ५,३४० दाखवले, जुळणी ठीक. वर वीस मिनिटं, मग तासभर उताराने चालत खाली, झोपायला पुन्हा लेह.

३१ तारखेला नाडी ५८, मापकात ९१. गुण सगळ्यांचे शून्य किंवा एक. पहाटे आणि रात्री लेहच्या गल्ल्यांत धावायला जाऊ नये, भटक्या कुत्र्यांचे कळप अंगावर येतात.

२ सप्टेंबर: झिंगचेन ते स्क्यू

निघालो ५:५०, पोहोचलो १४:१५. आठ तास पंचवीस मिनिटं. नेस्मिथ पंचवीस मिनिटांनी चुकला.

युरुत्सेपर्यंत थोडं धावणं झालं. ४,५०० च्या वर ताशी ३३० मीटर. पावलांशी श्वास जुळवला, दोन पावलांना एक श्वास आत, दोनला बाहेर. खिंडीखालच्या शेवटच्या दोनशे मीटर चढात एका पावलाला एक. तिथे धावायचा प्रयत्न केला की वीस पावलांत थांबावं लागतं आणि नाडी खाली यायला तीन मिनिटं जातात. एकसारखं हळू चालणारा दर वेळी पुढे निघतो.

उतार शिंगोपर्यंत मोकळा, पुढे घळीतून. मांड्या शाबूत. एकाचं डोकं दुखत होतं, गुण २. स्क्यूला पोहोचून दोन तासांत, लिटरभर पाणी आणि थुकपा (शेवयांचं गरम सूप) पोटात गेल्यावर शून्य.

३ सप्टेंबर: स्क्यू ते हांकर

सर्वांत सपाट आणि सर्वांत कंटाळवाणा भाग, कारण खोऱ्यात आता कच्चा रस्ता शिरतो आहे. गाडीमागची पिठासारखी धूळ घशात बसते, कोरड्या हवेत त्याचा खोकला होतो आणि तो उंचीवर आठवडा आठवडा जात नाही. बफ तोंडावर ओढून पळायचं, दम जास्त लागला तरी.

नदी सकाळी ओलांडायची. दुपारी वरचं बर्फ वितळून पाणी चढतं. सकाळी नऊला पोटरीपर्यंत असलेलं पात्र दुपारी मांडीला लागतं.

वाटेत मणी भिंती लागतात, कोरलेल्या मंत्रांचे दगड रचलेल्या लांबच लांब. वाट दोन्ही बाजूंनी जाते. भिंत आपल्या उजव्या हाताला ठेवून डावीकडून जायचं, धावतानाही.

आज खाण्याचा शोध लागला. मुक्कामाच्या घरातून बांधून दिलेली खंबीर, इथली आंबवलेल्या कणकेची जाड भाकरी, आणि तिच्यात जर्दाळूचा मुरंबा. मऊ, ओलसर, दोन चाव्यांत गिळता येते. खजूर उरले, ही संपली.

४ सप्टेंबर: हांकर ते शांग सुमदो

निघालो ४:००. निमालिंग ७:२०, पठारावर गवतावर दव गोठलेलं, तापमान उणे ३. समोर कांग यात्से शिखर.

दोघांच्या पाण्याच्या नळ्या इथे गोठल्या. पिशवीतलं पाणी द्रवच होतं, पण नळी बारीक आणि उघड्यावर. प्रत्येक घोटानंतर नळीत फुंकून पाणी परत आत ढकललं तर हे होत नाही. दोघे दमले होते, फुंकायला श्वास उरला नव्हता. बाटलीवाल्यांना त्रास नाही, बाटली उलटी ठेवली की बर्फ बुडाकडे धरतं आणि तोंड मोकळं राहतं. फिल्टर रात्रभर अंगाशी ठेवलं होतं. त्यातल्या पोकळ तंतूंमध्ये पाणी गोठलं तर ते फुटतात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

कोंगमारू ला ९:०५. वर दहा मिनिटं, पिसांचं जाकीट घालून.

उताराला दोन तास धरले होते. लागले तीन तास वीस मिनिटं. खिंडीखालची वळणं ठीक होती, पण पुढच्या अरुंद घळीत आधीच्या पावसाने वाट वाहून गेलेली. ओढा चौदा वेळा ओलांडला. प्रत्येक वेळी जागा शोधणं, एकेकाने उतरणं, पलीकडे वाट सापडेपर्यंत थांबणं. ही घळ पावसात सापळा आहे. लेहमध्ये २०१० च्या ऑगस्टमध्ये ढगफुटीच्या पुरात शेकडो माणसं गेली ते लक्षात ठेवून, ढग काळे असतील तर खिंडीच्या अलीकडेच थांबायचं असं आधी ठरवलेलं होतं. आज आभाळ स्वच्छ होतं.

शांग सुमदो १२:३५. गुण सगळ्यांचे शून्य. लेहच्या माणसाला फोन १५:१०, नेटवर्क आल्या आल्या.

१४ सप्टेंबर: यादीतले बदल

नळीची पिशवी रद्द, अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या. मोजे तीनऐवजी चार जोड, कारण चौदा ओलांडण्यांनंतर कोरडा जोड उरला नव्हता आणि दोघांच्या टाचा सोलल्या. घळीच्या उताराला पुढच्या आखणीत चढाइतकाच वेळ. जेल निम्मे कमी. आतल्या खिशात झिप-पिशवी, खंबीर ठेवायला.

उपकरणांपैकी एक हेडटॉर्च पहाटे पाचलाच मंदावली. बॅटरी पूर्ण भरलेली होती, पण ती सॅकच्या बाहेरच्या खिशात रात्रभर राहिली आणि थंडीने तिची ताकद गेली. खोलीत ऊब लागल्यावर तीच पुन्हा नीट चालली. पुढच्या वेळी टॉर्च, फोन आणि फिल्टर एकाच मोज्यात घालून अंथरुणात.